परगावच्या पडद्यावरचं टिंब

माझ्या सासऱ्यांनी मला शेवटपर्यंत टीव्ही दुरुस्त करणारा समजलं. पाहुणे आले की ते सांगायचे, "आमचे जावई स्क्रीनचं काम करतात," आणि पाहुणे लगेच आपल्या घरच्या टीव्हीत माणसं हिरवी का दिसतात ते विचारायचे. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. पुढे पुढे "अँटिना हलवून बघा" म्हणायला लागलो. निम्म्या वेळा त्याने टीव्ही सुधारायचाही, त्यामुळे सासरी माझी पत वाढली.

खरं काम वेगळं होतं. नव्वदीचं दशक संपत आलेलं. गल्लोगल्ली पिवळे एसटीडी बूथ, उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात एकाआड एक कॉम्प्युटर क्लास, आणि ज्याच्या गल्ल्यावर कालपर्यंत लाल कापडाची वही होती त्याच्याकडे आज मॉनिटर, तोही प्लास्टिकच्या झालरदार कव्हरात. ज्यांचं मोठं ऑफिस इंदूरला आणि लहान ऑफिस उज्जैनला, अशांना एक नवी हौस सुटली होती. इंदूरच्या कॉम्प्युटरचा पडदा टेलिफोनच्या तारेवरून उज्जैनमध्ये बसून बघायचा, आणि इथूनच तिथलं काम करायचं. हे जमवून द्यायचं काम फ्रीगंजात मी करायचो. माझं दुकान नमकीनच्या दुकानाच्या वर होतं. खाली कढईत शेव पडायची, वर माझा मॉडेम किंचाळायचा, आणि गिऱ्हाईक जिना चढून येईपर्यंत त्याला भूक लागलेली असायची.

पडदा इथे आणणं सोपं. तो नीट दिसणं अवघड. कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे हजारो ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग तारेवरून पाठवायचा. आपली टेलिफोनची तार म्हणजे उन्हाळ्यातला नळ. मग काटकसर करायची. रंग कमी करा, लाखोंवरून दोनशेछप्पन्न, त्यावरून सोळा. मागचं चित्र काढून टाका. जे हलतं, चमकतं, सरकतं ते बंद करा. माझी सगळी विद्या काय काढून टाकायचं यात होती.

पण काढायला लोक देतील तर ना! सोयाबीनचं तेल काढणाऱ्या एका कारखान्याचं ऑफिस माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. तिथल्या मॅनेजरसाहेबांनी इंदूरच्या पडद्यावर महाकालचं भस्म आरतीतलं चित्र लावून ठेवलेलं. सकाळी लाइन जोडली की चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचं. आधी छत, मग नाग, मग हळूहळू मुख. सगळा स्टाफ हात जोडून उभा. चित्र पूर्ण उतरल्याशिवाय कोणी की-बोर्डला शिवायचं नाही, त्यात चहा होऊन जायचा. मी वेग वाढवावा म्हणून बोलावलेला. मी इमानदारीने चित्र काढून टाकलं आणि दुकानात परत येतो तोच फोन वाजला.

"भगवान को किसने हटाया?"

"मैंने हटाया साहब. अब देखिए, कितना फ़ास्ट है."

"फ़ास्ट को क्या चाटेंगे? वापस बिठाओ."

शेवटी मी तोडगा काढला. महाकाल उज्जैनच्या मशीनवर, इंदूरच्या मशीनवर साधी करडी भिंत. देव आपल्या गावातच बरे, त्यांना रोज तारेवरून कशाला दमवायचं, असं म्हटल्यावर मॅनेजरसाहेब खूश झाले. या एका वाक्यावर पुढे मला सहा ऑफिसं मिळाली.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी "एखादी चूकही लिहा" असं सुचवलं, आणि चूक म्हटलं की मला नाफडे काकाच आठवतात.

नाफडे काका एका छापखान्यात प्रूफं तपासायचे. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी लिखापढीला होते म्हणे, आणि काकांच्या अक्षराकडे बघून ते पटायचं. छापखान्यात पंचांग निघायचं, पोथ्या निघायच्या आणि सीझनमध्ये लग्नपत्रिका. काकांच्या नजरेची गावात एक गोष्ट प्रसिद्ध होती. उज्जैनला लग्नाची पहिली पत्रिका चिंतामण गणेशाला जाते, आणि पत्रिकेच्या माथ्यावर त्याचंच नाव असतं. एका मोठ्या घरच्या पत्रिका छापून झाल्या, गठ्ठे बांधून झाले. काका दुसऱ्याच कामाला तिथून चालले होते. जाता जाता म्हणाले, "गठ्ठे सोडा." चिंतामणच्या 'चिं'वरचं टिंब गायब होतं. लग्नाच्या पत्रिकेवर, अगदी गणपतीच्या नावात, चिता! नवी कार्डं आणायला वेळ नव्हता. काकांनी बारीक निबाचा पेन घेतला, दिवसभर मांडी घालून बसले आणि प्रत्येक पत्रिकेवर हाताने टिंब दिलं. छापलेलं कुठलं आणि काकांचं कुठलं ते कोणाला ओळखता आलं नाही.

मग छापखान्याच्या सेठजींनी अक्षरजुळणीचं सगळं खातं इंदूरला हलवलं. तिथे नवे कॉम्प्युटर, मोठे मॉनिटर आणि ममताजी नावाच्या हुशार ऑपरेटर. प्रूफांचं पाकीट रोज बसच्या ड्रायव्हरकडे दिलं की जाण्यायेण्यात दिवस मोडायचा. सेठजींनी काकांना सांगितलं, इंदूरला येत जा. काकांना ते शक्य नव्हतं. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक. दुपारचं जेवण काका आपल्या हाताने भरवायचे. दुसऱ्या कोणाकडून त्या घ्यायच्या नाहीत. आणि नोकरी सोडली तर त्यांच्या औषधांचं काय, हाही प्रश्न होताच.

सेठजी माणूस वाईट नव्हता. मला बोलावून म्हणाले, "काकाजी के घर पे लगा दो. एक महीना देखते हैं. जमा तो ठीक, नहीं तो इंदौर में दूसरा आदमी रख लेंगे."

काकांचं घर कार्तिक चौकाजवळ, राम घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत. पुढच्या खोलीत एका बाजूला काकूंची खाट, दुसऱ्या बाजूला मी कॉम्प्युटर मांडला. काका माझ्या वडिलांच्या ओळखीचे, त्यामुळे मी त्यांच्यासाठी 'विनय बेटा'. त्यांनी मॉडेमला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, भोकांत जाऊ देऊ नका.

सेठजीही बघायला आले होते. इंदूरचा पडदा मोठा, काकांचा मॉनिटर चौदा इंची. मोठं पान लहान पडद्यावर मावेना. थोडं खाली सरकवून, थोडं उजवीकडे सरकवून वाचावं लागायचं. सेठजींना ते पसंत पडलं नाही.

"ये क्या टुकड़े-टुकड़े दिखा रहे हो? पूरा पेज एक नज़र में आना चाहिए."

मी म्हटलं, येईल की. सेटिंगमध्ये एक चौकोन असतो, त्यात टिचकी मारली की परगावचा मोठा पडदा आपल्या पडद्यावर आक्रसून बसतो. मारली टिचकी. अख्खं पान एका नजरेत! सेठजींनी पाठ थोपटली. मी मेन्यू वाचून बघितला, मथळे वाचून बघितले, ठीक वाटलं, सही घेतली आणि निघालो. मेन्यू इंग्रजीत होता, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं. इंग्रजीत डोक्यावर टिंब असलेली दोनच अक्षरं, आणि त्यांचं टिंब पडलं तरी कोणाचं लग्न अडत नाही.

काकांची पद्धत अशी ठरली. फोन आणि पडदा एकाच तारेवर, म्हणून आधी लाइन जोडून पान वाचायचं, चुका कागदावर टिपायच्या, मग लाइन तोडून ममताजींना फोनवर सांगायच्या. काकांचं फोनवरचं बोलणं म्हणजे हुकूम असायचा. "चौथी ओळ, तिसरा शब्द, बिंदी लगाओ. नववी ओळ, बिंदी लगाओ." त्यांची हिंदी अर्धी मराठीच होती, पण इंदूरला ती सगळ्यांना समजते.

आठवड्यात ममताजींचा मला दुकानावर फोन आला. आवाज अवघडलेला.

"सर, काकाजी जहाँ बोल रहे हैं बिंदी लगाओ, वहाँ तो बिंदी है."

"एखाद वेळेस होतं."

"एक पेज में बीस जगह, सर. और मैं बोलती हूँ कि है, तो वो फिर लाइन जोड़कर दुबारा पढ़ते हैं. फिर बोलते हैं, हाँ, यहाँ तो है, पर अब दूसरी जगह नहीं है."

मी काकांकडे गेलो. ते मॉनिटरची काच मलमलच्या फडक्याने पुसत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन नवा चष्मा आणला होता, शिवाय दांडीवालं भिंगही. मला म्हणाले, "काय माहीत बेटा, कालपर्यंत तर ठीक होतं. एकदा बघतो तर टिंब नाही, फिरून बघतो तर आहे. मोतीबिंदू पण नाही म्हणतात डॉक्टर." आणि काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून म्हणाले, "डोक्याचं तर काही नसेल?"

तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत बसून एक पान वाचायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. पण मी तारा तपासल्या, मॉडेमचे दिवे बघितले, वेग मोजला. सगळं ठाकठीक. यंत्र ठाकठीक आहे म्हणजे बिघाड माणसात, असा आमच्या धंद्याचा हिशेब असतो.

दोन दिवसांनी सेठजींनी मला विचारलं, "मशीन में गड़बड़ है कि काकाजी में?"

मी म्हणालो, "मशीन तो एकदम ओके है, सेठजी. उमर का असर है."

हे वाक्य मी अगदी सहज, हातातला चहा न ठेवता बोललो. त्याची मला आजही लाज वाटते.

महिना पुरा व्हायच्या आधीच सेठजींनी निर्णय दिला. मशीन उचलून आणा, काकाजींना सन्मानाने निरोप देऊ, शाल वगैरे. मी रिकामी खोकी घेऊन कार्तिक चौकात गेलो. काकांना कळलेलं होतं. त्यांनी आपणहून राजीनामा लिहून ठेवला होता, त्या दरबारी अक्षरात, 'नजर साथ देत नसल्यामुळे' असं कारण देऊन. तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सेठजींना पोचता कर. आणि हे एक पान होऊ दे, मग ने सगळं. अर्धवट सोडलेलं मला चांगलं लागत नाही."

मी मॉनिटरच्या मागे वाकून केबलचे स्क्रू सैल करत होतो. काकू खाटेवरून बघत होत्या. काका म्हणाले, "विनय, इकडे ये जरा. ही सूर्यास्ताच्या खालची ओळ. इथे 'संध्या' पाहिजे की नाही? मला 'सध्या' दिसतं. तू सांग."

मी त्यांच्या खांद्यावरून वाकलो. 'आहे काका, टिंब आहे,' असं म्हणायचं मी मनात ठरवूनच वाकलो होतो.

टिंब नव्हतं.

"नाही दिसत," मी म्हणालो.

"मन राखायला नको बोलू."

"नाही काका. खरंच नाही."

मी पान बाणाने एक घर खाली सरकवलं. 'सं'वर टिंब उगवलं. आणि त्याच क्षणी दोन ओळी वरच्या 'चंद्र'चं टिंब गेलं. परत वर सरकवलं. चंद्राला टिंब आलं, संध्येचं गेलं.

मोठी सतरंजी लहान खोलीत घालायची तर दोनच उपाय असतात. कडा गुंडाळून ठेवायच्या आणि लागेल तसा भाग उलगडायचा, हा एक. नाहीतर मधले मधले धागे उपसून सतरंजी आखडून घ्यायची. माझी ती टिचकी दुसरा उपाय करत होती. ठिपक्यांच्या दर चार-पाच ओळींतली एक ओळ ती बेलाशक टाकून द्यायची. अक्षराचं अंग जाड, त्यातली एक ओळ गेली तरी अक्षर कळतं. त्या बारीक अक्षरात टिंबाचं सगळं अंगच एका ओळीचं. ते टाकलेल्या ओळीवर आलं की संपलं. पान सरकलं की दुसऱ्या टिंबांची पाळी. वर मी वेगासाठी रंग सोळावर आणले होते, त्यामुळे टिंबाच्या जागी फिकट सावलीसुद्धा उरत नव्हती.

काकांना मी हे सतरंजीसकट सांगितलं. शेवटी म्हटलं, "काका, तुमचे डोळे ठीक आहेत. चूक माझी आहे. मी हे वाचून बघितलंच नाही. आणि सेठजींना मीच म्हणालो की वय झालं."

काकांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी पागल नाही झालो."

खाटेवरून काकू एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "मी... म्हणत... होते."

लाइन तोडून मी तिथूनच सेठजींना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तो ये मेरे पूरे पेज के चक्कर में हुआ?"

"आपने माँगा, मैंने बिना जाँचे दे दिया. गलती मेरी है. काकाजी की नज़र में कुछ नहीं है."

"तो फिर मशीन क्यों उठा रहे हो? रहने दो."

मी स्क्रू पुन्हा कसले, ती टिचकी काढली आणि पान मूळ मापात आणलं. रंगांना तर मी हातही लावला नाही. काळ्या शाईच्या पानाला सोळा रंगसुद्धा चैनच. पान तुकड्यातुकड्यानेच दिसायला लागलं, पण प्रत्येक टिंब जिथल्या तिथे, मोहरीसारखं टपोरं. काकांनी माझ्या हातातून राजीनामा काढून घेतला, उलटा केला आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर नव्या चुका टिपायला बसले. मी खोकी खाली ठेवली. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

पाच-सात ओळी वाचून काका थांबले. पान वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर.

"विनय, इथे 'पंचमी'ला टिंब आहे का रे?"

मी बघितलं. "नाही काका. हे खरंच राहिलंय."

"नीट बघ. तुझ्या सेटिंगनं खाल्लं असेल."

"आता नाही खात. राहिलंय ते."

त्यांनी कागदावर टिपलं. पान संपल्यावर लाइन तोडली, इंदूरला फोन लावला. मी समोरच होतो. मला वाटलं, आता ऐकू येणार तो हुकूम. काका म्हणाले, "बेटा, ज़रा देखना, ग्यारहवीं ओळ, 'पंचमी'. बिंदी है क्या?"

नव्हती. ममताजींनी लावली.

काकांनी त्यानंतर पुष्कळ वर्षं घरी बसून काम केलं. काकूंना शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने भरवलं, त्या गेल्यावरही त्याच खोलीत पंचांगं वाचली. त्या काळात मी त्यांच्याकडे दोनदा मोठा मॉनिटर बसवला, तार बदलली, वेग दसपट केला, आणि दर वेळी खुर्चीत बसून एक पान मराठीतून मोठ्याने वाचून दाखवलं. काका हसायचे, म्हणायचे, "पक्का झाला रे तू." पण 'बिंदी लगाओ' असं त्यांनी परत कधी म्हटलं नाही. प्रत्येक टिंबाला विचारायचे, है क्या?

काका गेल्यावर ममताजी भेटायला आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, इतकी वर्षं काका विचारायचे, त्यात कितीदा बिंदी आधीपासून असायची?

त्या म्हणाल्या, "आपने वो सेटिंग हटाई, उसके बाद? एक बार भी नहीं, सर."